वहिनींची काळी पाच

सुटेभाग गेला आणि बँडपुढे पहिला प्रश्न आला तो असा, की त्याच्या जागी माणसं किती आणायची.

"एक," थोरला म्हणाला. थोरला म्हणजे सुटेभागाचा सख्खा मोठा भाऊ आणि बँडचा ड्रमवाला. जन्मभर बस चालवून तो निवृत्त झाला होता आणि ड्रमही बस चालवल्यासारखाच वाजवायचा. वळण दिसलं की आधी ब्रेक, मग बाकीचं.

"एक कसा?" चष्मेवाल्याने विचारलं. त्याचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं आणि बँडमध्ये बास गिटार. "मेंडोलिन कोण वाजवणार?"

"तोच."

"आणि अकॉर्डियन?"

"तोच."

"बासरी? माउथ ऑर्गन? व्हायोलिन? अरे, हात किती असणार त्याला?"

"माझ्या भावाला किती होते?"

इतक्या वर्षांत कुणी मोजून पाहिलेच नव्हते.

ही बैठक दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात चालली होती. डॉक्टर बँडचा गिटारवाला. पेशंट संपले की संध्याकाळी त्याच्या वेटिंगमध्ये तालीम व्हायची. भिंतीवर किडलेल्या दाढेचं हातभर चित्र होतं आणि बँडची सगळी गाणी त्या दाढेच्या साक्षीने बसली होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर वहिनी होत्या. थोरल्याची बायको आणि बँडची गायिका. सुटेभाग त्यांचा धाकटा दीर. जगाने काहीही म्हणो, त्यांच्यासाठी ते भाऊजी. रुमालाआड त्या हसतायत की रडतायत ते कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दोन्ही आळीपाळीने चालू होतं. माणूसच तसा होता. त्याच्यासाठी नीट रडायला बसावं तर मध्येच त्याचं काहीतरी आठवायचं आणि सगळा मुहूर्त बिघडायचा.

मेले तेही तसेच. भाऊजींचं शिलाई मशीन दुरुस्तीचं एका खोलीचं दुकान होतं. मशीन आलं की ते आधी त्याच्यावर कान टेकवायचे, डोळे मिटायचे आणि एका हाताने चाक फिरवत ऐकत राहायचे. "कुठे दुखतंय ते हेच सांगतं," म्हणायचे. त्या दुपारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई मशीन घेऊन आल्या. भाऊजींनी कान टेकवला, डोळे मिटले. बाई स्टुलावर बसून राहिल्या. बराच वेळ झाला तरी बसून राहिल्या. शेवटी भीत भीत म्हणाल्या, "फारच बिघडलंय का हो?" तोवर भाऊजी निघून गेले होते. बाई नंतर सगळ्यांना सांगत सुटल्या, "इतकं शांतपणे माझं मशीन आजवर कुणी ऐकलं नव्हतं." मशीन मात्र ठणठणीत निघालं.

सुटेभाग हे नाव दुकानानेच दिलेलं. पाटीवर 'शिलाई मशीन दुरुस्ती व सुटे भाग' असं लिहिलं होतं. ऊन लागून लागून आधीचे शब्द उडाले आणि जे उरलं ते माणसाला चिकटलं. आत भिंतभर लाकडी खण, खणांत सुया, बॉबिनी, पट्टे. आणि वर छताच्या हुकांना टांगलेली वाद्यं. मेंडोलिनला मशीनच्या तेलाचा वास यायचा आणि मशीनच्या तेलाला कशाचा वास यायचा ते देव जाणे. मशीनच्या सळ्या वाकवून भाऊजींनी गळ्यात अडकवायचा एक सांगाडा केला होता, त्यात माउथ ऑर्गन. पायाखाली मशीनचं पायडल, ते दाबलं की खुळखुळा वाजायचा. हातात मेंडोलिन. कार्यक्रमात ते असे उभे राहिले की पहिल्या रांगेतली पोरं म्हणायची, "हे काका चालू कसे होतात?"

बँड आज्यांच्या तोंडची गाणी घ्यायचा, शेतातली, नदीवरची, पाळण्याची, आणि त्यांना ड्रम नि इलेक्ट्रिक गिटार जोडायचा. त्यांचं पाळणागीत ऐकून गावातलं एकही मूल कधी झोपल्याचं ऐकिवात नाही.

वाद्यं शिकायला भाऊजी कुणाकडे गेले नाहीत. बँडमधली माणसं गळत गेली तसतशी ते वाद्यं शिकत गेले. बासरीवाल्याला दूर नोकरी लागली, भाऊजी बासरी शिकले. व्हायोलिनवाल्याचं थोरल्याशी भांडण झालं. तो तावातावाने निघून गेला तो व्हायोलिन विसरूनच, आणि परत मागायला येण्यात कमीपणा वाटला म्हणून आलाच नाही. व्हायोलिन पडून राहिलं, भाऊजींना दया आली.

अकॉर्डियनची गोष्ट तर वहिनी पाहुण्यारावळ्यांना हमखास सांगायच्या. भाऊजींचं एका मुलीशी जमत आलं होतं. तिने घरी बोलावलं, आईवडिलांची गाठ घालून देते म्हणाली. हे गेले, तर कोपऱ्यात एक आजारी अकॉर्डियन. तिच्या वडिलांना नमस्कार करायच्या आधी यांनी त्याचा भाता उघडला. दिवस मावळेपर्यंत जमिनीवर मांडी घालून बसले. मुलगी दोनदा येऊन गेली, एकदा कपडे बदलूनसुद्धा. शेवटी भात्यातून सूर निघाला तेव्हा तिचे वडील इतके खूश झाले की म्हणाले, "घेऊन जा!" भाऊजी घरी आले ते अकॉर्डियन घेऊन.

"आणि मुलगी?" वहिनींनी विचारलं होतं.

"अरेच्चा," भाऊजी म्हणाले.

बँडमधली सगळी कामं ते आनंदाने वाटून घ्यायचे. एक काम मात्र कुणाला करू द्यायचे नाहीत. वाद्यं सुरात लावायची ती त्यांनीच. कार्यक्रमाआधी ते सगळ्यांची वाद्यं काढून घेऊन पडद्यामागे जायचे. "बाळांची आंघोळ चाललीय, कुणी आत यायचं नाही." डॉक्टर आणि चष्मेवाला बाहेर खुशाल गप्पा मारत बसायचे. परिणाम असा झाला की दोघांनी उभा जन्म गिटार वाजवली, पण तिच्या खुंट्या कुठल्या बाजूला पिळायच्या ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यात त्यांना काही वावगंही वाटायचं नाही. बसमध्ये बसणाऱ्याने इंजिन कशाला उघडावं, असं थोरल्याचंच म्हणणं होतं.

आता वहिनी. वहिनींचं सगळं वैभव एका गाण्यात होतं. अलीकडच्या काठावर उभी असलेली एक बाई पलीकडच्या नावाड्याला हाक मारते, एवढंच ते गाणं. "नाववाल्या हो, ऐक रे." प्रत्येक कडव्याला हाक थोडी वर चढते, आणि शेवटची हाक थेट पलीकडच्या काठाला जाऊन धडकायची. हे गाणं वहिनी पेटीच्या काळी पाचमध्ये, चांगल्याच चढ्या पट्टीत, गायच्या. तरुणपणी ज्या पट्टीत धरलं त्याच पट्टीत, अजूनही. बाकीच्या गायिकांचे आवाज वयाबरोबर उतरले, वहिनींचा नाही. हे त्या स्वतः कधीच सांगायच्या नाहीत. म्हणजे कुणी विचारेपर्यंत. आणि कुणी विचारेल अशी व्यवस्था त्या करायच्या.

"शाळेतल्या गायनबाई बघा," त्या म्हणायच्या. "माझ्याहून लहान. आणि आता काळी दोनवर आल्यात बिचाऱ्या. माझं काय, देवाची देणगी. अजून काळी पाच."

त्यामुळे सुटेभागाच्या आठवणीसाठी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला तेव्हा शेवटी हेच गाणं असणार हे वेगळं ठरवावं लागलं नाही. चष्मेवाल्याने तर पत्रकावरच छापून टाकलं: 'वहिनींच्या अस्सल काळी पाचमधली अजरामर हाक.' वाटप झालं. गायनबाईंच्या घरी पत्रक द्यायला वहिनी जातीने गेल्या.

भाऊजींच्या जागी शेवटी एकच माणूस मिळाला. शेजारच्या गावात हॉटेलात अकॉर्डियन वाजवणारा, गंभीर चेहऱ्याचा. मेंडोलिन आणि बासरीवर त्यांनी पाणी सोडलं. सगळे त्याला पाहुणा म्हणायला लागले. पाहुण्याने पहिल्याच तालमीत विचारलं, "पट्टी?"

"काळी पाच," वहिनी म्हणाल्या आणि त्याच्या भुवया वर जातात का ते बघून घेतलं. गेल्या. वहिनींना बरं वाटलं.

"वाद्यं लावलेली आहेत?"

डॉक्टर आणि चष्मेवाल्याने एकमेकांकडे पाहिलं. पाहुण्याने निमूटपणे खिशातून मोबाइल काढला, त्यावर सूर दाखवणारं काहीतरी उघडलं आणि खुंट्या पिळायला घेतल्या. "फारच उतरलीत हो," तो पुटपुटला. "आणि तारा केवढ्या जाड घातल्यात!" तेवढ्यात डॉक्टरच्या गिटारची एक तार टणकन तुटली आणि चष्मेवाल्याच्या चष्म्यावर आपटली. चष्मा विकणाऱ्यालाच चष्म्याने वाचवलं, म्हणून सगळे हसले. नवी तार चढली, गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं ठीक. दुसऱ्याला वहिनींना मान जरा ताणावी लागली. शेवटची हाक त्यांनी फेकली आणि ती नदीच्या मध्यावर जाऊन बुडाली. एक चिरका आवाज तेवढा वर तरंगला.

सगळे थांबले.

"दुःख," चष्मेवाला हळूच म्हणाला. "गळ्यात साठतं ते."

"परत घ्या," वहिनी म्हणाल्या.

परत तेच. या वेळी नाव अर्ध्यापर्यंतसुद्धा गेली नाही.

"वहिनी," डॉक्टर पेशंटशी बोलतो तशा आवाजात म्हणाला, "आपण नदी थोडी अरुंद समजूया का? म्हणजे इतक्या वर हाक मारायची गरजच पडणार नाही."

"तुमचा जबडा थोडा अरुंद करा," वहिनी म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

घरी त्यांनी मोरीत नळ सोडून गाऊन पाहिलं. स्वयंपाकघरात मिक्सर लावून गाऊन पाहिलं. थोरला दाराशी येऊन म्हणाला, "अगं, गरम पाणी देऊ का?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? ड्रमला पट्टी असते का?"

"नसते. म्हणून तर मी सुखी आहे."

वहिनी खरंच घाबरल्या होत्या. भाऊजी गेले ते सोसलं होतं. हसून रडून, लोकांना अकॉर्डियनची गोष्ट ऐकवून सोसलं होतं. पण गेल्या वर्षीपर्यंत जी हाक सहज पोचत होती ती भाऊजींच्या मागोमाग गेली असेल, तर आता त्यांच्याच कार्यक्रमात, त्यांच्याच फोटोसमोर, गायनबाईंच्या देखत ती बुडणार होती. पत्रकावर तर 'अजरामर' छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भाऊजींच्या दुकानाची किल्ली घेऊन निघाल्या. कशाला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक भांडायला. आत वाद्यं होती तशीच लटकत होती. त्यांनी मेंडोलिन खाली काढलं. तेही त्यांना वाजवता येत नव्हतंच, पण गाणं ज्या झंकाराने सुरू व्हायचं तो एक झंकार भाऊजींनी त्यांना फार पूर्वी हट्टाने शिकवला होता. "वहिनी, मी कधी उशिरा आलो तर तेवढं वाजवत राहा, मी पोचतो." त्यांनी तो वाजवला आणि हलकेच गायला लागल्या. दुसरं कडवं. तिसरं. मग शेवटची हाक आली आणि तिला थांबवायच्या आधीच ती सुटली, खणखणीत, सरळ, छताला लागून परत आली.

वहिनींनी परत घेतली. परत आली! तिसऱ्यांदा घेतली तेव्हा शेजारचा न्हावी धावत आला, मागे अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक.

"काय झालं वहिनी? कुणाला हाक मारताय?"

"कुणाला नाही. मी आहे अजून!" वहिनी म्हणाल्या. आणि मेंडोलिन काखेत मारून, बासऱ्यांची पिशवी खांद्याला लावून जवळजवळ पळतच दवाखान्यात पोचल्या. दुकानाला कुलूप त्या न्हाव्याने लावलं.

तालमीला सगळे जमले होते. "लावा!" वहिनींनी फर्मावलं. "आवाज आलाय. मेंडोलिनबरोबर येतोय. ते वाजलंच पाहिजे." आणि त्यांनी तो एकुलता एक झंकार छेडला. पाहुण्याने त्यावर अकॉर्डियन धरलं आणि असा भयाण आवाज झाला की भिंतीवरची दाढ आणखी किडली असावी.

"मेंडोलिन उतरलंय ताई," पाहुणा म्हणाला.

"उतरलं बिरलं काही नाही. भाऊजींनी स्वतः लावलेलं आहे."

"पडून पडून उतरतं."

पाहुण्याने मोबाइल काढला, एकेक तार वाजवून पाहिली, आणि त्याच्या गंभीर चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "पडून उतरलं असतं तर वेडंवाकडं उतरलं असतं. इथे सगळ्या तारा बरोब्बर तीन घरं खाली आहेत. केसाचाही फरक नाही. हे कुणीतरी मुद्दाम लावलंय. तुम्ही जे गाता ना ताई, ते काळी पाच नाही. पांढरी पाच आहे."



वहिनींनी सावकाश पिशवी उघडली. या गाण्याच्या बासऱ्या वेगळ्या असायच्या, त्यावर लाल दोरा. दर काही वर्षांनी भाऊजी नवी करायचे. "जुनी चिरली हो वहिनी." त्यांनी लाल दोऱ्याच्या बासऱ्या टेबलावर, जुन्या मासिकांच्या शेजारी, ओळीने ठेवल्या. चार. एकही चिरलेली नव्हती. प्रत्येक आधीच्यापेक्षा बोटभर लांब. पाहुण्याने एकेक फुंकून पाहिली: काळी पाच, पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच. जिन्यावरून कुणाला तरी सावकाश, हाताला धरून खाली उतरवावं तशी.

"म्हणजे," चष्मेवाला खुर्चीत बसत म्हणाला, "माझ्या वाजवण्यात आताशा जे गांभीर्य आलं होतं..."

"ते सुटेभागाने खुंटी पिळून आणलं होतं," डॉक्टर म्हणाला.

"मी माणसांना सांगायचो रे! वयाबरोबर बास खोल होत जातो म्हणून!"

"आणि मला जाड तारा घालून द्यायचा. का रे, म्हटलं, तर म्हणे टिकाऊ आहेत. सैल तारा लटपटतील आणि मला कळेल म्हणून, लबाड!"

"थांबा," थोरला म्हणाला. त्याला विषय आत्ता कुठे पोचला होता. "म्हणजे तो आपल्या सगळ्यांना घेऊन खाली खाली चालला होता, आणि आपण इतकी वर्षं समजत होतो की गाडी घाटावरच आहे?"

आधी डॉक्टर फुटला, मग चष्मेवाला, मग पाहुणासुद्धा. हसून हसून चष्मेवाल्याला चष्मा काढावा लागला. वहिनी मात्र लालबुंद.

"मला सांगायला काय झालं होतं? एका शब्दाने बोलले नाहीत! मी काय त्यांना खाल्लं असतं?"

डॉक्टर आणि चष्मेवाला भिंतीवरच्या दाढेकडे बघायला लागले.

"अहो, तुम्ही तरी सांगा. खाल्लं असतं का मी?"

"मी त्या घरात राहतो," थोरला म्हणाला. "मला विचारू नकोस."

मग वहिनींच्याही ओठाचा कोपरा सुटला, आणि एकदा सुटल्यावर त्या अशा हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी पिता पिता त्यांना एकेक आठवायला लागलं. त्या वर्षीची सर्दी, जी गेली तरी आवाज सुटायला तयार नव्हता. पुढच्याच कार्यक्रमात भाऊजींची नवी बासरी आणि वहिनींचा आवाज मोकळा. "बघा, नव्या बासरीचा पायगुण," भाऊजी म्हणाले होते. आणि यांनी शेखी मिरवली होती: "बासरी कसली, काळी पाच आहे ही!" भाऊजींनी तेव्हा मान डोलावली होती. अगदी गंभीरपणे.

डॉक्टरने दार लोटून घेतलं. "हे या खोलीबाहेर जायचं नाही. वाद्यं परत तीन घरं उतरवू. पाहुण्याला काय, बोटं सरकवायची. वहिनी मजेत गातील, पत्रकावर छापलंय ते छापलंय. कुणाच्या बापाला कळणार आहे?"

सगळ्यांनी शपथा घेतल्या. वहिनींनीही घेतली, आणि सगळ्यांत आधी घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. रंगमंचावर भाऊजींचा फोटो, त्यातही गळ्यात सांगाडा असल्यामुळे त्यांना नुकतंच पकडून आणल्यासारखं दिसत होतं. पहिल्या रांगेत गायनबाई, हातात पत्रक. भाषणं झाली. लोक आठवणी सांगायचे आणि सभागृह हसायचं. त्या शिवणकामवाल्या बाईंनी तर टाळ्या घेतल्या. मग वाचनालयाचे अध्यक्ष उठले. म्हणाले, कलावंत म्हणून मोठा म्हणता येणार नाही. कुठल्याच एका वाद्यात तो वरच्या पायरीवर पोचला नाही. पण पडेल ते काम करणारा, अडल्यानडल्याला उपयोगी असा भला माणूस होता.

टाळ्या पडल्या. चांगल्या मनाने पडल्या. वहिनी विंगेत उभ्या होत्या आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

कारण हे खोटं होतं, आणि खोटं आहे हे फक्त पाच माणसांना ठाऊक होतं. भाऊजींनी आयुष्यात जे सगळ्यांत अवघड वाजवलं ते कुणाला ऐकूच आलं नव्हतं. एक अख्खा बँड आणि एक हट्टी बाई त्यांनी जिन्यावरून खाली आणली, आणि एकाचंही पाऊल अडखळू दिलं नाही. ते सांगायचं तर काळी पाच जाणार. काळी पाच ठेवायची तर भाऊजी जन्माचे 'उपयोगी'.

"चला वहिनी," डॉक्टर कुजबुजला. "सगळं लावून ठेवलंय."

वहिनी माइकपाशी गेल्या. "गाण्याआधी दोन शब्द," म्हणाल्या. चष्मेवाल्याने डोळे मिटले.

"आमच्या भाऊजींनी मला फसवलं," वहिनी म्हणाल्या. "एकदा नाही, तीनदा." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. पडद्यामागची आंघोळ, जाड तारा, चिरलेल्या म्हणून सांगितलेल्या धडधाकट बासऱ्या. चष्मेवाल्याचं गांभीर्यसुद्धा सांगितलं. सभागृहात आधी कुजबुज, मग खसखस, मग लोक खुर्च्यांचे हात धरून हसायला लागले. "तेव्हा पत्रकावरची काळी पाच खोडा. माझी काळी पाच केव्हाच गेली. ती या माणसाने इतक्या हळू नेली, इतक्या सुरात नेली, की जिची गेली तिला पत्ता नाही. अध्यक्षसाहेब, हे वाजवून दाखवणारा दुसरा कुणी असेल तर त्याला वरच्या पायरीवर बसवा. मी खाली सतरंजीवर बसते."

"मला माहीत होतं!" पहिल्या रांगेतून आवाज आला. गायनबाई उभ्या राहिल्या होत्या. "पहिल्या वेळेपासून माहीत होतं!"

"अगं बाई! मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी शपथ घातली होती."

"आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात? तुम्ही?"

"फार जड गेलं हो," गायनबाई म्हणाल्या आणि घाम पुसत खाली बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की त्यांच्यासाठी वेगळ्या टाळ्या पडल्या.

वहिनींना आता अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. "आणि ऐका. भाऊजी असते तर या वर्षी अजून एक घर उतरवलं असतं. मला दम लागायला लागलाय, त्यांनी ते कधीच ऐकलं असणार. तेव्हा आज काळी तीन. उतरवा रे!"

"आत्ता?" डॉक्टर किंचाळला.

"मग काय पुढच्या वर्षी?"

आणि मग त्या गावाने न पाहिलेला प्रकार झाला. भरल्या सभागृहासमोर दोन पिकल्या केसांचे वादक जन्मात पहिल्यांदा स्वतःची वाद्यं लावायला बसले. पाहुणा एक सूर धरून उभा. "खाली, खाली," मागून कुणीतरी ओरडलं. "जास्त झालं, थोडी वर." "डॉक्टर, भूल देऊन करा!" चष्मेवाला खुंटी उलटी पिळत गेला आणि बास वर चढला, तेव्हा शिवणकामवाल्या बाई उठून म्हणाल्या, "दादा, दोरा सैल करतात तसं." बरोबर निघालं. शेवटी दोन्ही गिटारी पाहुण्याच्या सुराला येऊन टेकल्या तेव्हा चष्मेवाला हात वर करून असा उभा राहिला की जणू बासचा शोध त्यानेच लावला.

थोरल्याने काठ्या आपटल्या. गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं वहिनींनी सहज फिरत फिरत गायलं. दुसऱ्याला मान ताणावी लागली नाही. तिसऱ्याला त्यांच्या लक्षात आलं की पूर्वी त्या या जागी शेवटच्या हाकेची काळजी करत असायच्या आणि त्या नादात हे कडवं कधी नीट गायलंच नव्हतं. केवढं गोड होतं ते! बाई काठावर उभी आहे, पाणी चमकतंय, नाववाला ऐकत नाहीये, आणि तिला घाई नाही. मग हाक आली. "नाववाल्या हो," पहिल्या झेपेतच नदी ओलांडून ती पलीकडे टेकली, आणि वहिनींना वर अजून जागा दिसली. तरुणपणीसुद्धा कधी दिसली नव्हती एवढी. त्यांनी थोरल्याकडे एकदा वळून पाहिलं.

थोरल्याने ती नजर ओळखली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. त्याने ब्रेकवर पाय ठेवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून घेतला, आणि वहिनी वर गेल्या.